फ्रेम रिलेवर मल्टिकास्ट: कोल्हापूरने बंद केलं की नाशिकचं का जातं?

रात्रपाळी (धागालेखक)

मंडळी, नेटवर्कवाले कुणी जागे असाल तर जरा डोकं चालवा.

घरी जुन्या सिस्को राउटरांची लॅब मांडली आहे. फ्रेम रिले (शाखा जोडायचं जुनं तंत्र) आणि त्यावर मल्टिकास्ट (एकच प्रवाह, मागतील त्या सगळ्यांना). लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात उचललेले तीन २६११ आणि फ्रेम रिले स्विच म्हणून एक २५२२. हबचं (मधला राउटर) नाव पुणे, स्पोक (टोकाचे) नाशिक आणि कोल्हापूर. पुण्याचा सीरियल०/० मल्टिपॉइंट आहे (एकाच इंटरफेसवर दोन्ही स्पोक), पत्ता १०.१.१२३.१, नाशिक .२, कोल्हापूर .३. पुण्याहून नाशिकला डीएलसीआय (सर्किटचा नंबर) १०२, कोल्हापूरला १०३. नाशिक-कोल्हापूर थेट पीव्हीसी (कायमचं आभासी सर्किट) नाही. ईआयजीआरपी (राउटिंग प्रोटोकॉल) चालू, हबवर स्प्लिट होरायझन (मार्ग जिथून कळला तिकडेच परत न सांगण्याचा नियम) बंद. पिम (मल्टिकास्टचा राउटिंग प्रोटोकॉल) स्पार्स मोडमध्ये, म्हणजे मागेल त्यालाच. आरपी (सोर्स आणि रिसिव्हरांची गाठ घालणारा राउटर) म्हणजे पुण्याचा लूपबॅक, तिन्हीकडे हाताने लिहिलेला. मॅपमध्ये (कुठला पत्ता कुठल्या डीएलसीआयवर) ब्रॉडकास्ट शब्द आहे, पिमचे शेजारी दिसतात, युनिकास्ट (एकाकडून एकालाच) पिंग कुठूनही कुठेही जातो.

पुण्याच्या लॅनवरून २३९.१.१.१ या मल्टिकास्ट ग्रुपवर जी.७११ (फोनच्या दर्जाचा) आवाज सोडतोय. आता रडगाणं:

१. आवाज दोन्हीकडे पोचतो, पण तुटक. पुण्याची लाइन २५२२ च्या वेगवान पोर्टवर आहे, क्लॉक रेट २००००००, तेव्हा गर्दी म्हणावी तर तीही नाही.

२. कोल्हापूरचा रिसिव्हर बंद केला की पाच-सहा सेकंदांत नाशिकचाही आवाज जातो. मग कुणी हात न लावता परत येतो. कधी दहा सेकंदांत, कधी जवळजवळ मिनिटाने.

३. सोर्स नाशिकच्या लॅनवर नेला की पुण्यात ऐकू येतो, कोल्हापुरात चिडीचूप.

तिन्हींचं मूळ एकच की तीन वेगळी दुखणी?

पिठलंभाकरी

फ्रेम रिले! पुढचा धागा पेजरची बॅटरी कुठे मिळेल यावर का? :)

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण दोष शेवटी पुण्याचाच निघणार, लिहून ठेवा.

शून्य बाद

टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) बघितला का? मल्टिकास्ट सॉकेटचा टीटीएल मुद्दाम वाढवला नाही तर १ असतो. पहिल्याच राउटरवर पॅकेट मरतं. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये अर्धं सेमिस्टर यात गेलं होतं.

रात्रपाळी

@शून्य बाद, टीटीएल ३२ ठेवलाय. आणि १ असता तर दोन्हीकडे शून्य आवाज आला असता. इथे येतो, जातो, परत येतो.

आडनाव नको

डीआर (एका लिंकवरच्या राउटरांतला निवडलेला म्होरक्या) कोण झालाय ते बघा. फ्रेम रिलेवर हबच डीआर असला पाहिजे. तुमच्याकडे सगळ्यांची प्रायॉरिटी १, म्हणजे ज्याचा पत्ता मोठा तो जिंकणार, म्हणजे कोल्हापूर. हबची प्रायॉरिटी वाढवा, सुटेल.

खडूस आजोबा

@आडनाव नको, डीआरचं काम काय? लॅनवरच्या सोर्सचं रजिस्टर (नोंद) आरपीला पाठवणं आणि तिथल्या रिसिव्हरांसाठी जॉइन (मागणी) करणं. फ्रेम रिलेच्या ढगात ना सोर्स बसलाय ना रिसिव्हर. हब डीआर असावा हे ठीकच, पण या दुखण्यात त्याचा हात नाही. उगाच गोळी देऊ नका.

रात्रपाळी, तुमचं दोन नंबरचं लक्षण पुस्तकात छापावं इतकं नमुनेदार आहे, म्हणून सावकाश लिहितो.

पिम हा प्रोटोकॉल एका इंटरफेसवरचे सगळे शेजारी एकमेकांचं ऐकतात हे गृहीत धरून चालतो. इथरनेटवर ते खरं आहे. एका राउटरने प्रून (आता नको असा निरोप) पाठवला की वरचा राउटर लगेच झडप घालत नाही, तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याच लॅनवरचा दुसरा राउटर तो प्रून ऐकतो आणि ओरडतो, "थांबा, मला हवंय!" म्हणजे जॉइन पाठवतो. प्रून रद्द. बिल्डिंगच्या खाली एकाने दूधवाल्याला "उद्यापासून नको" सांगितलं आणि वरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, "अहो आमचं चालू ठेवा," तसं.

आता तुमच्या बिल्डिंगला गॅलरीच नाही. कोल्हापूरचा प्रून २२४.०.०.१३ वर जातो, डीएलसीआयवरून पुण्याला पोचतो आणि तिथेच संपतो. तो पत्ता लिंकपुरता, पुणे तो पुढे नाशिकला देत नाही. नाशिकला खबरच नाही, मग ओरडणार कोण? पुणे तीन सेकंद वाट बघतं, कुणी बोलत नाही, आणि सीरियल०/० हा अख्खा इंटरफेस आवाज बाहेर पाठवायच्या यादीतून काढून टाकतं. त्याच्या लेखी नाशिक आणि कोल्हापूर वेगळे नाहीतच, एकच सीरियल०/० आहे.

परत का येतो? नाशिक दर ६० सेकंदांनी ठरलेला जॉइन पाठवतं. तो आला की इंटरफेस पुन्हा यादीत. प्रून त्या मिनिटात कुठे पडला त्यावर दहा सेकंद की पन्नास हे ठरतं. आणि तुमचे पाच-सहा सेकंद म्हणजे आधी कोल्हापूरच्या आयजीएमपीची (लॅनवरच्या रिसिव्हरांशी बोलणारा प्रोटोकॉल) "अजून कुणी आहे का" ही विचारपूस, साधारण दोन, आणि मग पुण्याचे हे तीन.

खात्री करायची असेल तर पुणे आणि नाशिक दोन्हीकडे डीबग आयपी पिम लावा आणि कोल्हापूर बंद करा.

रात्रपाळी

आजोबा, दंडवत घ्या. डीबग लावला. पुण्यावर १०.१.१२३.३ कडून आलेला जॉइन/प्रून दिसतो, पुढे "टू अस" लिहिलेलं. नाशिकच्या स्क्रीनवर त्या वेळी एक ओळ नाही. मग तिकडून नेहमीचा जॉइन निघाला आणि त्याच क्षणी आवाज परत.

कर्जत लोकल

वाखूसा (वाचनखूण साठवली). गॅलरी नसलेली बिल्डिंग उद्या ऑफिसात वापरणार.

बे एरियातली

आजोबांनी निदान केलंय, औषध मी लिहिते. पुण्याच्या सीरियल०/० वर:

आयपी पिम एनबीएमए-मोड

एवढंच. एनबीएमए म्हणजे एका इंटरफेसवर अनेक शेजारी, पण एकाचं सगळ्यांना ऐकू न जाणारं नेटवर्क. स्पोकवर थेट शेजारी एकच, तिथे गरज नाही. ही कमांड दिली की हब जॉइनची नोंद इंटरफेसच्या नावाने न ठेवता इंटरफेस अधिक शेजाऱ्याचा पत्ता अशी ठेवतो. शो आयपी एमराउटमध्ये (मल्टिकास्टच्या नोंदी) आधी नुसतं "सीरियल०/०, फॉरवर्ड/स्पार्स" दिसत असेल. आता दोन ओळी दिसतील:

सीरियल०/०, १०.१.१२३.२, फॉरवर्ड/स्पार्स
सीरियल०/०, १०.१.१२३.३, फॉरवर्ड/स्पार्स

कोल्हापूरचा प्रून आला की फक्त .३ ची ओळ जाते.

तुमचं तिसरं दुखणंही यातच बसतं. सोर्स नाशिकला असला की पुण्यासाठी आत येण्याचा इंटरफेस सीरियल०/०, आणि कोल्हापूरकडे बाहेर जायचाही सीरियल०/०. ज्या इंटरफेसवरून पॅकेट आलं त्यावरूनच परत सोडायचं नाही हा मल्टिकास्टचा मूळ नियम, नाहीतर लूप होईल. म्हणून तुमच्या पुण्याच्या एस-कॉमा-जी (तो सोर्स, तो ग्रुप) नोंदीत बाहेर जाणाऱ्या यादीसमोर फ्रेम रिले नसणारच. एनबीएमए मोडमध्ये यादीत शेजाऱ्याचा पत्ता असल्यामुळे त्याच इंटरफेसवरून दुसऱ्या शेजाऱ्याला पाठवता येतं.

एक अट: ग्रुप स्पार्स मोडमध्येच हवा. डेन्समध्ये (आधी सगळीकडे पसरवायचं, नको असेल तो प्रून करील) जॉइनची नोंदच नसते, मग हा मोड कशाच्या आधारावर चालणार? आणि इथरनेटवर ही कमांड चुकूनही देऊ नका, तिथे एका प्रतीत भागतं ते विनाकारण शेजाऱ्यागणिक होईल.

पिठलंभाकरी

म्हणजे बदल पुण्यातच करायचा ना? मी काय म्हणालो होतो?

आडनाव नको

डीआरचं मागे घेतो, पण एनबीएमए मोड म्हणजे ठिगळ आहे. मुळात मल्टिपॉइंट ठेवताच कशाला? प्रत्येक पीव्हीसीला पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस द्या. सीरियल०/०.१०२ आणि सीरियल०/०.१०३. मग पिमच्या दृष्टीने दोन वेगळे इंटरफेस. प्रूनचा प्रश्न मिटला, आत-बाहेर एकाच इंटरफेसचा प्रश्न मिटला, स्प्लिट होरायझनची भानगड मिटली, मॅप लिहायचीही गरज नाही. तीन ओळींत सगळं बरं करणारं औषध सोडून तुम्ही पथ्य पाळत बसलाय.

खडूस आजोबा

नव्याने मांडताना मीही तेच करीन. पण चालू नेटवर्कमध्ये ऐंशी शाखा एकाच सबनेटमध्ये बसवलेल्या असतात. प्रत्येक शाखेचा पत्ता बदलायचा, कुठल्या कुठल्या फायरवॉलमध्ये आणि कुणाच्या एक्सेलमध्ये तो लिहिलाय ते शोधायचं, रात्री दोनला शाखेत कुणाला तरी उभं करायचं. त्यापेक्षा हबवर एक ओळ लिहून घरी जाऊन झोपणारा माणूस मला शहाणा वाटतो.

आडनाव नको

ऐंशी शाखांना मान्य. तीन राउटरच्या लॅबला नाही.

रात्रपाळी

लॅब आहे म्हणूनच मल्टिपॉइंट ठेवलंय राव. दुखणं बघायचंच होतं.

कर्जत लोकल

पहिल्या दुखण्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली, म्हणून मी घेतो.

जी.७११, २० मिलिसेकंदांची पॅकेटं, म्हणजे सेकंदाला ५०. बरोबर? आता पुण्यावर शो इंटरफेस सीरियल०/० मारा आणि वरून काही ओळी सोडून "ब्रॉडकास्ट क्यू" शोधा. तिथे ०/६४ असं काहीतरी आणि पुढे ब्रॉडकास्ट्स सेंट/ड्रॉप्ड असेल. ड्रॉप्डचा आकडा इथे लिहा.

फ्रेम रिलेला मुळात ब्रॉडकास्ट नाही, राउटर नाटक करतो. ब्रॉडकास्ट शब्द असलेल्या प्रत्येक डीएलसीआयसाठी वेगळी प्रत काढतो आणि त्या प्रती एका खास रांगेत टाकतो. रांगेची मूळ सेटिंग अशी: लांबी ६४ पॅकेटं, सेकंदाला २५६००० बाइट, आणि सेकंदाला ३६ पॅकेटं. ही रांग राउटिंग अपडेटसाठी केली होती, तिथे ३६ म्हणजे चैन. तुमच्या ५० ला ती पुरणार नाही, त्यात दोन शाखांच्या दोन प्रती. लाइन २ मेगाबिटची असो की २० ची.

रात्रपाळी

@कर्जत लोकल, ड्रॉप्डचा आकडा बघता बघता चढतोय! मी दिवसभर सीआयआर, डीई बिट, बेकन असलं लाइनच्या गर्दीचं सगळं तपासत होतो. ही ओळ रोज डोळ्यांसमोरून जायची.

मग फ्रेम-रिले ब्रॉडकास्ट-क्यू देऊन ३६ चे २०० करू का?

कर्जत लोकल

करून बघा, आवाज सुधारेल. पण मग कोल्हापुरात कुणी ऐकत नसतानाही त्यांच्या लाइनवर प्रत जातच राहणार. एनबीएमए मोड लावलात तर ज्याने जॉइन केलंय त्यालाच, आणि तेही डेटा लिंकवर युनिकास्ट म्हणून जातं. या रांगेशी त्याचा संबंध उरत नाही. आधी ते करा.

खडूस आजोबा

@कर्जत लोकल, झकास. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अवांतर: "फ्रेम रिलेला मुळात ब्रॉडकास्ट नाही" याला एक तळटीप. सिस्को, डेक, नॉर्दर्न टेलिकॉम आणि स्ट्रॅटाकॉम या चौकडीने १९९० मध्ये एलएमआय (राउटर आणि स्विच यांचं सर्किटांबद्दलचं बोलणं) काढला, त्यात मल्टिकास्टची सोय होती. १०१९ ते १०२२ हे डीएलसीआय त्यासाठी राखून ठेवले होते, एका डीएलसीआयवर टाकलंत की प्रती काढायचं काम स्विचचं. पुढे फ्रेम रिले फोरमने एफआरएफ.७ नावाचा करारही केला. कागदावर सगळं होतं, पण मी ज्या ज्या सेवादात्याला विचारलं तो पीव्हीसीचा भाव सांगायचा आणि या प्रश्नावर चहा मागवायचा.

सिस्को एलएमआय डीएलसीआय १०२३ वर बोलतो आणि आन्सी, क्यू.९३३ या दुसऱ्या मानकांवाले ० वर, हे भांडणही त्याच काळातलं. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधे आम्ही मोडेमच्या दिव्यांकडे बघत उभे.

पिठलंभाकरी

आजोबा, तुमच्या नोकरीतल्या गोष्टींचा वेगळा धागा काढा. चहा आमच्याकडून.

चिकटपट्टी

छान धागा. दोन भर घालतो, कुणी शोधत आलं तर उपयोग होईल.

एक, रात्रपाळींचा आरपी हबवर आहे म्हणून ते वाचले. आरपी स्पोकच्या मागे असेल आणि ओएसपीएफ (दुसरा राउटिंग प्रोटोकॉल) ब्रॉडकास्ट नेटवर्क टाइपवर चालवत असाल तर वेगळाच फास बसतो. कोल्हापूरला नाशिकच्या आरपीकडे जायचा नेक्स्ट हॉप (वाटेवरचा पुढचा राउटर) हब न दिसता थेट १०.१.१२३.२ दिसतो. युनिकास्ट चालतं, कारण .२ चा मॅप हबच्याच डीएलसीआयवर लिहिलेला असतो. पण नाशिक हा कोल्हापूरचा पिम शेजारी नाहीच, मग जॉइन पाठवणार कुणाला? शो आयपी एमराउटमध्ये स्टार-कॉमा-जी (कुठलाही सोर्स, तो ग्रुप) नोंदीत आरपीएफ शेजाऱ्याच्या (आरपीकडच्या वाटेवरचा शेजारी) जागी ०.०.०.० दिसलं की समजा हेच. ओएसपीएफ पॉइंट-टू-मल्टिपॉइंट करा, नेक्स्ट हॉप हब होतो. किंवा आयपी एमराउट देऊन आरपीएफ हाताने हबकडे वळवा.

दोन, स्पोकवर हबचा आणि दुसऱ्या स्पोकचा असे दोन मॅप एकाच डीएलसीआयवर असतील तर ब्रॉडकास्ट शब्द फक्त हबच्या मॅपला द्या. दोन्हीला दिलात तर हबला प्रत्येक मल्टिकास्ट दोनदा मिळतं आणि तुम्ही लूप शोधत बसता.

रात्रपाळी

निकाल सांगतो. पुण्यावर एनबीएमए मोड लावला. बे एरियातली ताईंनी लिहिल्या तशा दोन ओळी दिसल्या. कोल्हापूर बंद केलं, .३ ची ओळ गेली, नाशिक चालू. सोर्स नाशिकला नेला, कोल्हापुरात आवाज आला. तुटकपणा गेला, ड्रॉप्डचा आकडाही थांबला. ब्रॉडकास्ट-क्यूला हात लावला नाही.

मग हात शिवशिवले. स्टॅटिक आरपी काढून ऑटो-आरपी (आरपी कोण ते सगळ्यांना आपोआप कळवणारी सोय) लावला. मुद्दामच मॅपिंग एजंट नाशिकवर ठेवला, सगळीकडे ऑटोआरपी लिसनर दिला. पुण्याला आरपी कळतो, कोल्हापूरला नाही. हे तेच ना?

बे एरियातली

तेच. आरपीचा उमेदवार २२४.०.१.३९ वर हाक देतो आणि मॅपिंग एजंट २२४.०.१.४० वर निकाल सांगतो. लिसनर दिला तरी हे दोन ग्रुप डेन्ससारखेच पसरतात, म्हणजे तुमचा एनबीएमए मोड त्यांना लागू नाही. नाशिकहून निघालेला निकाल पुण्याच्या सीरियल०/० वर आला, आता त्याच सीरियल०/० वरून कोल्हापूरला कसा जाईल? मॅपिंग एजंट हबवर ठेवा. नाशिकलाच ठेवायचा हट्ट असेल तर नाशिक-कोल्हापूर टनेल टाका, पण तो हट्टच म्हणायचा.

आणि @पिठलंभाकरी, पेजरचं. फ्रेम रिले सीसीआयईच्या (सिस्कोचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र) राउटिंग-स्विचिंग परीक्षेतून २०१४ च्या आवृत्तीत गेलं, त्याच आवृत्तीत डीएमव्हीपीएन (शाखा टनेलने हबला जोडायची नवी पद्धत) आलं. डीएमव्हीपीएनच्या हबवर टनेल इंटरफेसला मी आजही हीच कमांड लिहिते, कारणही तेच: एक इंटरफेस, अनेक स्पोक, आणि स्पोक एकमेकांचे पिम शेजारी नाहीत. स्पोक ते स्पोक युनिकास्ट थेट टनेलने जातं, मल्टिकास्ट मात्र हबवरूनच वळतं. परवाच एका टीमने "व्हिडिओ एका शाखेत बंद केला की दुसरीकडे गोठतो" असं तिकीट टाकलं होतं. वयाने सगळे माझ्या मुलाएवढे, फ्रेम रिले कुणी पाहिलेलं नाही.

आडनाव नको

डीएमव्हीपीएनमध्ये मात्र पॉइंट-टू-पॉइंटचा माझा मार्ग बंद. शेकडो टनेल कोण लिहिणार? इथे एनबीएमए मोडला पर्याय नाही, मान्य.

खडूस आजोबा

स्क्रीनशॉट घेऊन ठेवा रे कुणीतरी.

शून्य बाद

ऑटो-आरपीऐवजी बीएसआर (आरपी कळवायची दुसरी पद्धत) वापरला तर? तो तर २२४.०.०.१३ वरून एकेक हॉपने जातो, डेन्सची कटकट नाही. मग बीएसआर नाशिकला चालेल का?

चिकटपट्टी

डेन्सची कटकट नाही हे खरं, पण तो निरोप ज्या इंटरफेसवर मिळतो तो सोडून बाकीच्यांवरच तुमच्यासारखे जुने राउटर पुढे पाठवतात. सीरियल०/० वर आला, सीरियल०/० वर परत जाणार नाही. तोही हबवरच ठेवा.

रात्रपाळी

मॅपिंग एजंट पुण्यावर हलवला, कोल्हापूरला आरपी कळला. आता जीएनएस३ (राउटरांचं सिम्युलेटर) वर डीएमव्हीपीएन मांडतोय. हबवर एनबीएमए मोड दिलाय, पण स्पोकचे पिम शेजारीच उभे राहत नाहीत.

बे एरियातली

हबवर आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट डायनॅमिक आहे का? आणि स्पोकवर त्याच कमांडमध्ये हबचा बाहेरचा पत्ता? जुन्या मॅपमधल्या ब्रॉडकास्ट शब्दाचं काम इथे ही ओळ करते. नसेल तर हॅलो टनेलबाहेरच पडत नाहीत.